फुकटचे दीडशे मेगाहर्ट्झ

ओव्हरक्लॉकिंगचा शोध खरं तर सदाशिव पेठेत लागायला हवा होता. ३०० च्या भावात घेतलेल्या वस्तूकडून ४५० चं काम करून घ्यायचं आणि वर 'आतला माल तोच आहे हो, कंपनी मुद्दाम कमी आकडा छापते' असं शेजाऱ्याला जिन्यात गाठून सांगायचं, या कलेत आमचा हात कुणी धरला नसता. पण प्रोसेसर तिकडे बनतात, त्यामुळे श्रेयही तिकडेच गेलं.

यातलं 'आतला माल तोच' हे मात्र बऱ्याचदा खरं असतं. सिलिकॉनच्या एकाच चकतीवर शेकडो प्रोसेसर एकदम तयार होतात, मग त्यांची तपासणी होते आणि त्यांच्यावर वेगवेगळे वेग छापले जातात. बाजारात स्वस्त मालाला मागणी जास्त असली, की जोरात पळू शकणाऱ्या प्रोसेसरवरही कमी आकडा छापावा लागतो. अंगी गुण असून खालच्या पदावर नेमणूक. हे दुःख मराठी माणसाला समजावून सांगावं लागत नाही.

१९९८ च्या ऑगस्टमध्ये इंटेलने सेलेरॉन ३००ए आणला. किंमत १४९ डॉलर. त्याच महिन्यात आलेल्या ४५० मेगाहर्ट्झच्या पेंटियम टूची किंमत ६६९ डॉलर. सेलेरॉनचा गुणक ४.५ वर कुलूपबंद होता. मदरबोर्डचा ठोका ६६ मेगाहर्ट्झचा, त्याला ४.५ ने गुणायचं, झाले ३००. लोकांनी कुलपाला हातच लावला नाही. त्यांनी बोर्डाचा ठोका ६६ वरून १०० केला. साडेचार गुणिले शंभर, साडेचारशे! पुष्कळसे सेलेरॉन हा अन्याय निमूटपणे सहन करत. १४९ डॉलरचा प्रोसेसर ६६९ वाल्याच्या मांडीला मांडी लावून बसू लागला आणि मधले ५२० डॉलर खिशात राहिले.

ही किमया प्रोसेसरपेक्षा बोर्डाची होती. त्याआधी ठोका बदलायचा म्हणजे खोकं उघडून, बोर्डावरची मुगाएवढी जंपरची टोपणं चिमट्याने काढून दुसऱ्या पिनांवर बसवायची, आणि त्यातलं एक हमखास कपाटाखाली जायचं. ॲबिट नावाच्या तैवानी कंपनीने ही सोय बायोसच्या मेन्यूत आणून ठेवली. खुर्चीत बसल्या बसल्या कीबोर्डवरून ठोका वाढवा, व्होल्टेज वाढवा. त्यांचा बीएच६ हा बोर्ड या कामासाठी इतका नावाजला गेला, की 'कुठला प्रोसेसर घेऊ?' या प्रश्नाआधी 'कुठला बोर्ड घेऊ?' हा प्रश्न येऊ लागला. तिथपासून हा छंद बिघडत गेला, असं माझं मत आहे.

पण बिघडण्याआधी एक सोनेरी प्रकरण घडलं, ते सांगायला हवं. २००० च्या सुमारास एएमडीने ॲथलॉन आणि ड्युरॉन यांचे गुणक कुलूपबंद केले, पण कुलूप ठेवलं प्रोसेसरच्या अंगावर, उघड्यावर. एल१ नावाचे केसाएवढे धातूचे पूल मधोमध तोडलेले असत. ग्राफाइटमधून वीज वाहते हे शाळेच्या विज्ञानाच्या पुस्तकात होतंच. लोकांनी शिसपेन्सिलीला टोक काढलं, तुटक्या पुलांवर रेघा ओढल्या आणि कुलूप उघडलं. चुकलं तर खोडरबर! जगातल्या अद्ययावत कारखान्यातली तटबंदी कंपासपेटीतल्या दोन वस्तूंनी पाडली, हा प्रसंग विज्ञानाच्या इतिहासात यायला हवा होता. आला नाही, कारण तो करणाऱ्यांपैकी बरेच जण दुसऱ्या दिवशी दहावीच्या शिकवणीला गेले असावेत.

पुढे बाजाराच्या लक्षात आलं, की काटकसरीइतकी महाग विकता येणारी वस्तू दुसरी नाही.

२०११ च्या जानेवारीत इंटेलचे सँडी ब्रिज प्रोसेसर आले. त्यात बोर्डाचा ठोका १०० वर जवळपास गोठवलेला. सगळे भाग त्याच ठोक्यावर चालत असल्यामुळे तो चार-पाच टक्के वाढवला, तरी सगळी यंत्रणाच भोवळ येऊन पडायची. मात्र नावापुढे 'के' असलेल्या प्रोसेसरचा गुणक मोकळा. आय५-२५०० ची किंमत २०५ डॉलर, २५००के ची २१६. म्हणजे ११ डॉलर त्या एका अक्षराचे. बरं, तेवढ्याने भागत नसे. बोर्डावर पी६७ चिपसेट असेल तरच प्रोसेसरचं ओव्हरक्लॉकिंग होणार, पण मग प्रोसेसरच्या पोटातलं ग्राफिक्स वापरता येणार नाही. एच६७ घेतला तर पोटातलं ग्राफिक्स मिळणार, पण वेगाला हात लावायचा नाही. दोन्ही हवं असेल तर? मे महिन्यात झेड६८ आला. पुढल्या वर्षीच्या जानेवारीत इंटेलने यावर कडी केली. ओव्हरक्लॉक केलं की वॉरंटी जाते ना, मग २० डॉलर भरा, तुमचा २५००के जळाला तर एकदा बदलून देतो. नियम मोडायची परवानगी ११ डॉलर, मोडल्याचा विमा २० डॉलर. वाचवायला निघालेल्या माणसाला इतक्या पद्धतशीरपणे लुटलेलं मी पंढरपूरच्या यात्रेतही पाहिलेलं नाही.

या पार्श्वभूमीवर २०१२ साली आमच्या भाच्याला कॉम्प्युटर घ्यायचा होता. बारावी झाली होती, इंजिनीअरिंगला प्रवेश मिळाला होता, आणि इंजिनीअरिंगला कॉम्प्युटर लागतोच. त्यात दोन ग्राफिक्स कार्डं कशाला लागतात, या वडलांच्या प्रश्नावर त्याने 'ऑटोकॅड' असं एका शब्दात उत्तर दिलं. हा शब्द त्या काळी मध्यमवर्गीय घरांत कुठलाही खर्च मंजूर करून घ्यायला पुरे होता. ऑटोकॅडला दोन कार्डांचा काडीचाही उपयोग नसतो हे मला माहीत होतं, पण मामाने अशा वेळी भाच्याच्या बाजूने उभं राहायचं असतं.

दाजी मात्र सहज फसणारे नाहीत. ते वीज खात्यातून निवृत्त झालेत. घरात नवी वस्तू आली की तिचा रंग, रूप, किंमत यांत त्यांना रस नसतो. ते ती उलटी करतात आणि मागच्या पट्टीवरचे वॅट वाचतात.

'बाबा, हा बोर्ड बघा. खास ओव्हरक्लॉकिंगसाठी आहे,' भाच्याने पडद्यावर एक फोटो दाखवला.

'म्हणजे काय?'

'म्हणजे प्रोसेसर कंपनीने सांगितल्यापेक्षा जोरात पळतो.'

'मग कंपनीनेच जोरात का नाही विकला?'

या प्रश्नाचं खरं उत्तर द्यायचं तर १९९८ पासून सुरुवात करावी लागली असती. भाच्याने विषय बदलला आणि तिथेच तो अडकला. 'याला बत्तीस फेज आहेत, बाबा,' तो म्हणाला.

दाजींनी चष्मा काढला. 'किती?'

'बत्तीस.'

'अरे, उभा जन्म गेला माझा त्या खात्यात. तीनच्या वर फेज पाहिली नाही. बत्तीस कुठून आणल्या?'

भाच्याने खोटं सांगितलं नव्हतं. गिगाबाइटने त्या वर्षी झेड७७एक्स-यूपी७ नावाचा बोर्ड काढला, त्यात नुसत्या प्रोसेसरसाठी ३२ फेज होत्या. फेज म्हणजे इथे वीज उतरवण्याची एक-एक तुकडी. पॉवर सप्लायकडून १२ व्होल्ट येतात, प्रोसेसरला हवं असतं सव्वा व्होल्टच्या आसपास. हे उतरवण्याचं काम सॉकेटच्या भोवती ओळीने बसलेल्या चौकोनी चोक, मॉसफेट आणि कपॅसिटर यांच्याकडे असतं. तुकड्या पाळीपाळीने काम करतात. जितक्या तुकड्या जास्त, तितका एकेकीवरचा भार कमी, ती कमी तापणार आणि मिळणारी वीज अधिक सरळ. अर्थात यातही गोम आहे. काही बोर्डांवर चोक आठ दिसतात, पण त्यांना हुकूम देणारा कंट्रोलर चारच फेजचा असतो आणि प्रत्येक हुकूम दोघांत वाटून दिलेला असतो. खोक्यावर मात्र आठच छापलेलं असतं. सरकारी कामाचा अनुभव असलेल्या माणसाला हे लगेच कळतं, दाजींनाही कळलं.

'बरं, करंट किती?' त्यांनी विचारलं. एवढ्या वेळात पहिल्यांदाच कुणीतरी मुद्द्याचं बोललं होतं.

हिशेब सोपा होता. ओव्हरक्लॉक केलेला प्रोसेसर सव्वाशे वॅट ओढतोय आणि सव्वा व्होल्टवर चालतोय असं धरलं, तर भागाकार येतो १००. शंभर अँपिअर! दाजी उठून उभे राहिले. घरचा मीटर ५-३० चा. फ्रिज, गीझर, मिक्सर, इस्त्री, देवघरातली माळ, सगळं त्या तिसात बसवलेलं, आणि हा मुलगा नखाएवढ्या सिलिकॉनमध्ये शंभर अँपिअर घालणार होता. व्होल्ट कमी म्हणून मीटरला ते कळत नाही, हे भाच्याने समजावलं. दाजींना ते माहीतच होतं. त्यांना फक्त बसायला वेळ हवा होता. त्या दिवसापासून मदरबोर्डाविषयी त्यांच्या बोलण्यात आदर आला. सॉकेटभोवतालच्या त्या भागाला ते 'सबस्टेशन' म्हणू लागले, आणि बोर्डाचा कुठलाही फोटो समोर आला की आधी सबस्टेशनला नीट पंखे आणि पत्रे आहेत का, हे बघू लागले. बोर्ड निवडण्याची यापेक्षा चांगली पद्धत मला आजही माहीत नाही.

कारण दुकानदार आणि कंपन्या दाखवतात ते वेगळंच. त्या काळच्या या बोर्डांची नावं वाचून माणसाने खंदकात उडी मारावी. मॅक्सिमस, रॅम्पेज, स्नायपर, असॅसिन. गिगाबाइटच्या जी१ मालिकेतल्या काही बोर्डांवरचा उष्णता काढणारा पत्रा चक्क बंदुकीच्या मॅगझिनच्या आकाराचा होता. एमएसआयच्या खोक्यावर 'मिलिटरी क्लास' असा शिक्का. असुसच्या सेबरटूथला चिलखत. हे सगळं दोन बेडरूमच्या फ्लॅटमध्ये, कपड्यांच्या कपाटाशेजारी, आईने भरतकाम केलेल्या आच्छादनाखाली ठेवायचं. पुढच्या वर्षी ॲझरॉकने झेड८७ ओसी फॉर्म्युला काढला, त्यावर पाणी लागू नये म्हणून लेप दिलेला. आणि असुसच्या मॅक्सिमस सिक्सच्या खोक्यात दाराच्या मुठीला अडकवायची पाटी येऊ लागली. आत गेमर आहे, त्रास देऊ नका, हा त्या पाटीचा मथितार्थ. ज्या घरात बाथरूमलाही आतून धड कडी लागत नाही, तिथे अशी पाटी लावून बघावी.

सगळ्यात महाग बोर्डांवर एक 'एलएन२' मोडही असतो. एलएन२ म्हणजे द्रव नायट्रोजन, उणे १९६ अंशांचा. विक्रम करणारी मंडळी प्रोसेसरवर तांब्याचं भांडं बसवून त्यात तो ओततात. आपल्याकडे द्रव नायट्रोजन दिसतो तो पशुवैद्यकीय दवाखान्यात, कृत्रिम रेतनाच्या कांड्या साठवायच्या कॅनमध्ये. त्यामुळे कृत्रिम रेतनासाठी नावाजलेल्या उरुळीकांचनला ओव्हरक्लॉकिंगचं जागतिक केंद्र व्हायला तांत्रिक अडचण काहीच नव्हती, फक्त तिथल्या लोकांना त्याहून उपयोगाची कामं होती. याच जातीच्या काही बोर्डांवर आणखी एक बटण असतं, त्याचं नाव 'स्लो मोड'. भांड्यात नायट्रोजन उकळत असताना यंत्रणा पडू नये म्हणून वेग एकदम खाली आणायचा. सर्वांत वेगवान बोर्डावर सावकाश चालायचं खास बटण असणं, आणि त्यासाठी जास्तीचे पैसे मोजावे लागणं, यावर मी काही बोलत नाही.

आता दोन कार्डांकडे वळू. दोन कार्डं जोडून एकाच खेळाला जुंपायची कल्पना थ्रीडीएफएक्स कंपनीची, १९९८ च्या वूडू टूमधली. पुढे ती कंपनी एनव्हिडियाने गिळली आणि २००४ मध्ये तिचंच एसएलआय हे नाव नव्या अर्थाने परत आणलं. एटीआयने मागोमाग क्रॉसफायर काढलं. त्यामुळे बोर्डावर लांब स्लॉट दोन-तीन-चार दिसू लागले, आणि गिऱ्हाईक स्लॉट मोजू लागलं. स्लॉट मोजणं हा या खरेदीतला सगळ्यात मोठा भाबडेपणा.

स्लॉट म्हणजे नळ. नळ कितीही बसवा, पाणी किती येतं ते मुख्य जलवाहिनीवर ठरतं. झेड७७ बोर्डावर ग्राफिक्ससाठी प्रोसेसरकडून येणाऱ्या लेन १६. एक कार्ड असेल तर सोळाच्या सोळा त्याला, दोन असतील तर आठ-आठ. हे वाटप चांगलं, दोघांचंही भागतं. पण स्वस्त बोर्डांवर दुसरा स्लॉट दिसायला सोळाचा असतो आणि आतून चारच लेनचा, तोही चिपसेटकडून आलेला. कोपऱ्यात बारीक अक्षरांत 'एक्स४' लिहिलेलं असतं. क्रॉसफायर अशा स्लॉटवर चालायचं, एसएलआय चालायचं नाही, कारण एनव्हिडियाचा आग्रह किमान आठचा. शिवाय आठ-आठ असूनही बोर्ड बनवणाऱ्याने परवान्याचे पैसे भरले नसतील, तर बायोसमध्ये ती किल्ली नसायची आणि दोन्ही कार्डं शेजारी शेजारी बसून एकमेकांशी अबोला धरायची. तीन-चार कार्डं हवी असणाऱ्यांसाठी महागड्या बोर्डांवर पीएलएक्स कंपनीची एक जादा चिप असे. ती म्हणजे सोसायटीने गच्चीवर बांधलेली टाकी. प्रत्येक मजल्यावर धो धो पाणी येतं, बिल्डर माहितीपत्रकात चोवीस तास पाणी छापतो, पण खालून टाकीत चढणारा पाइप तोच, १६ लेनचा. टाकीचा फायदा नाहीच असं नाही. एकच माल दोन्ही कार्डांना पाठवायचा असेल तर ती मधल्या मध्ये वाटून देते. पण दोन कार्डांच्या माणसाने तिचे पैसे भरणं म्हणजे तळमजल्यावर राहून लिफ्टचा देखभाल खर्च देण्यासारखं आहे.

लेन जमल्या तरी अंतर राहतं, आणि त्याकडे कुणी बघत नाही. तेव्हाचं कार्ड दोन स्लॉटांची जागा अडवायचं. पहिला आणि दुसरा लांब स्लॉट जवळ असले, की वरचं कार्ड खालच्याच्या पाठीला पोट लावून बसतं आणि त्याच्या पंख्याला हवा घ्यायला बोटभर फट उरते. ते कार्ड दिवसभर खालच्याची गरम हवा हुंगतं. मध्ये एक जागा रिकामी सुटते असाच बोर्ड घ्यावा. मग खालचं कार्ड कुठे जातं? बोर्डाच्या तळाशी, जिथे कॅबिनेटच्या बटणाच्या, यूएसबीच्या, आवाजाच्या वायरी लावायच्या पिना असतात, त्यांच्या डोक्यावर. म्हणून कार्ड बसवलं की वायर बसत नाही, वायर बसवली की कार्ड वर उचललं जातं. हे सर्व दुकानात कळत नाही. रात्री साडेअकराला, खोलीत टॉर्च धरून उभ्या असलेल्या आईच्या साक्षीने कळतं.

खरेदी लॅमिंग्टन रोडला झाली. पाटीवर डॉ. भडकमकर मार्ग आहे, पण ग्रँट रोड स्टेशनबाहेर टॅक्सीवाल्याला भडकमकर मार्ग म्हणून बघा. त्या रस्त्यावर तेव्हा दर दुकानात सतरा-अठरा वर्षांची दोन मुलं आणि त्यांच्यामागे पिशवी घेतलेले एक वडील असं दृश्य असे. मुलं चिपसेट, सॉकेट, वॅट अशा भाषेत बोलत, वडील मधूनमधून 'हे आवश्यक आहे का?' एवढंच विचारत. दुकानदार एका नजरेत निर्णय कोणाच्या हातात आणि पैसे कोणाच्या खिशात हे ओळखे आणि बोलताना मुलाकडे, आकडा सांगताना वडलांकडे बघे.

'साहेब, बोर्ड एक नंबर आहे, डोळे झाकून घ्या,' आमच्यासमोरच्या दुकानदाराने दाजींना सांगितलं.

'डोळे उघडून घेतला तर चालेल का?' दाजींनी विचारलं आणि बोर्ड हातात घेऊन सबस्टेशनच्या पत्र्याला अंगठ्याने हलवून पाहिलं. पत्रा हलला. 'स्क्रू नाहीत. प्लॅस्टिकच्या खुंट्या आहेत. दुसरा दाखवा.'

आलेला दुसरा बोर्ड मधल्या किमतीचा होता. आठ-आठ लेन, दोन कार्डांमध्ये एक जागा मोकळी, पत्रा स्क्रूने आवळलेला, बायोसच्या दोन चिपा, मागच्या बाजूला सगळं पुसून मूळपदावर आणणारं बटण आणि कोपऱ्यात दोन आकडी लाल दिवा. बंदूक, चिलखत, पाटी यातलं काही नाही. भाच्याचा चेहरा पडला, पण दोन कार्डांची मंजुरी मिळालेली असल्यामुळे त्याने तोंड उघडलं नाही. त्या दोन आकडी दिव्याबद्दल मात्र सांगायलाच हवं. कॉम्प्युटर चालू होता होता कुठे अडकला, ते तो आकड्यात सांगतो. त्यानंतर घरात काही दिवस भाषाच बदलली. एका संध्याकाळी भाच्याचा फोन आला, आवाज रडवेला. 'मामा, पंचावन्न आलेत.' मी म्हटलं, 'अरे, पास झालास ना, रडतोस काय?' तर पंचावन्न म्हणजे मेमरी सापडत नाही. रॅम काढून, पुसून, पुन्हा दाबून बसवली की जायचे.

मग ओव्हरक्लॉकिंग सुरू झालं. इथे दोन गोष्टी आडव्या येतात. पहिली गोष्ट गणिताची. उष्णता वेगाच्या पटीत वाढते आणि व्होल्टेजच्या वर्गाच्या पटीत. वेग ३० टक्के वाढवायला व्होल्टेज १५ टक्के वाढवावं लागलं, तर उष्णता वाढते ७२ टक्के. दुसरी गोष्ट भूगोलाची. ही सगळी मार्गदर्शनं लिहिणारे लोक स्वेटर घालून लिहितात. खोली २० अंशांवर धरलेली असते. आपल्याकडे मे महिन्यात पुण्याची खोली ३६ ला असते, आणि नागपूरकर तर हा छंद पहाटे चार ते सहा या वेळातच करू शकतात. पंखा कितीही भारी घ्या, खोलीपेक्षा थंड तो काही करू शकत नाही. तिकडचा ७० अंशांचा प्रोसेसर इथे सरळ ८६ ला जाऊन बसतो.

त्यातून सँडी ब्रिजच्या पाठोपाठ आलेल्या आयव्ही ब्रिज प्रोसेसरचा एक कुलदोष होता. आधीच्या पिढीत सिलिकॉनचा तुकडा आणि वरचं धातूचं झाकण यांच्यामध्ये डाख दिलेला असे. आयव्ही ब्रिजमध्ये तिथे साधी पेस्ट भरली. झालं! उष्णता झाकणापर्यंत धड पोचेचना. बाहेर बत्तीस फेजा तयार उभ्या, पाणी खेळवणारा कूलर सज्ज, आणि अडलं कुठे, तर झाकणाखालच्या चिमूटभर पेस्टमध्ये. महाग बोर्डवाला आणि मधल्या बोर्डवाला दोघंही साडेचार गिगाहर्ट्झच्या आसपास येऊन त्याच भिंतीला टेकायचे. यावर शौकिनांनी उपाय काढला. दाढीचं ब्लेड घ्यायचं, झाकणाच्या कडेचा डिंक चारही बाजूंनी कापायचा, झाकण उघडून पेस्ट बदलायची. ब्लेड सरकलं तर प्रोसेसर गेला. ज्यांचा हात थरथरतो त्यांनी प्रोसेसर सुताराच्या शिकंज्यात आवळून, लाकडी ठोकळा लावून वर हातोडी मारायची. तापमान सहज दहा-पंधरा अंशांनी उतरायचं. हे वाचून मला भरून आलं. पेन्सिलीचं युग संपलेलं नव्हतं तर! दाजींनी मात्र आपली ब्लेडं कपाटात कुलूप लावून ठेवली.

वेग वाढवला की तो टिकतो का हे तपासावं लागतं. त्यासाठी प्राइम९५ नावाचा प्रोग्राम रात्रभर चालवतात. मूळ उद्देश फार उदात्त, मर्सेन मूळसंख्या शोधण्याचा. आमचा भाचा, ज्याला गणितात काठावर उतरवण्यासाठी दोन शिकवण्या लावाव्या लागल्या, तो रात्री झोपण्यापूर्वी मूळसंख्या शोधायला लावून झोपायचा आणि सकाळी दात न घासता आधी यंत्रणा चालू आहे का बघायचा. पडली असेल तर व्होल्टेज एक टिचकी वर. लोड-लाइन कॅलिब्रेशन नावाची एक सेटिंग आहे, भार आल्यावर व्होल्टेज पडू नये म्हणून. तिचे स्तर असतात. एका कंपनीत पहिला स्तर म्हणजे सर्वांत जोरदार, दुसऱ्या कंपनीत पहिला म्हणजे सर्वांत सौम्य. बोर्ड बदलून जुन्या सवयीने आकडा टाकणाऱ्यांचं काय होत असेल, याचा विचार मी करत नाही.

आणि एवढं सगळं झाल्यावर तो खेळायचा काय? काउंटर-स्ट्राइक १.६. तो खेळ त्या वेळी नऊ वर्षांचा होता आणि सायबर कॅफेतल्या धुळकट पेंटियमवरही पळायचा. पण सगळे मित्र तोच खेळायचे. दोन ग्राफिक्स कार्डांपैकी एकालाही आपण कामावर आहोत याची जाणीव झाली नसावी. नवीन, भारी खेळ आले, की आणखी काही गोष्टी उघड व्हायच्या. २ जीबीच्या दोन कार्डांची मिळून मेमरी होते २ जीबी, कारण दोघांनाही तोच माल आपापल्याकडे ठेवावा लागतो. एक चित्र पहिलं कार्ड काढतं, पुढचं दुसरं, आणि त्यांच्या वेळा नीट जुळल्या नाहीत तर आकडा ६० दिसत असूनही डोळ्यांना चित्र अडखळताना दिसतं. शिवाय प्रत्येक खेळासाठी ड्रायव्हरमध्ये वेगळं प्रोफाइल लागायचं. ते यायला उशीर झाला, तर दुसरं कार्ड बसून राहायचं. दाजी ऑटोकॅडची वाट बघत होते, पण त्यांनी कधी बोलून दाखवलं नाही. तासाला किती युनिट जातं तेवढं त्यांनी मीटरवर पाहून वहीत लिहून ठेवलं.

पुढचा इतिहास भराभर संपतो. २०२० च्या सप्टेंबरमध्ये एनव्हिडियाने जाहीर केलं, की १ जानेवारी २०२१ पासून एसएलआयची नवी प्रोफाइलं मिळणार नाहीत. खेळ बनवणाऱ्यांनी हवं तर स्वतः सोय करावी. त्यांनी अर्थातच केली नाही. पुष्कळ स्लॉटांचे बोर्ड मध्यंतरी आले, नाही असं नाही. २०१७ मध्ये असुसने १९ स्लॉटांचा बोर्ड काढला, पण तो खेळायला नव्हता, आभासी नाणी पाडायला होता. आज चार-चार कार्डं लावणारे लोक भाषेची मॉडेलं चालवतात. ज्या स्वप्नासाठी एका पिढीने आईला टॉर्च धरायला लावला, ते पुरं झालं ते हिशेबनिसांच्या आणि संशोधकांच्या टेबलावर.

फुकटचे मेगाहर्ट्झही संपले. आता प्रोसेसर कारखान्यातूनच जिवाच्या आकांताने पळत बाहेर येतात, ६ गिगाहर्ट्झच्या आसपास. बोर्डवाले वरून इंटेलने घातलेल्या मर्यादाही काढून ठेवत. इतकं, की २०२४ मध्ये इंटेलला आपल्या तेराव्या-चौदाव्या पिढीच्या प्रोसेसरांना जास्त व्होल्टेज जात असल्याचं मान्य करून त्यांची वॉरंटी दोन वर्षांनी वाढवावी लागली. पेन्सिलवाल्यांचे वारसदार हल्ली रात्र रात्र जागून व्होल्टेज कमी करतात, वेग थोडा खाली आणतात आणि पंखा किती शांत झाला ते एकमेकांना ऐकवतात. झेड चिपसेटचा बोर्ड आणि 'के'चा प्रोसेसर यांची किंमत मात्र कमी झालेली नाही.

मागच्या दिवाळीत भाचा घरी आला होता. आता तो नोकरीला आहे, स्वतःच्या पैशाने घेतो. एकच कार्ड, आरटीएक्स ४०९०. तीन स्लॉटांहून जाड, वजनाने लटकू नये म्हणून खाली टेकू दिलेला. बोर्डावर दुसरा स्लॉट आहे की नाही हे विचारायचीही सोय नाही, असला तरी याच्या खाली दिसणार नाही. दाजींनी शिरस्त्याप्रमाणे विचारलं, 'वॅट किती?'

'साडेचारशे.'

दाजींनी जुनी वही काढली. जीटीएक्स ६७०, प्रत्येकी १७०, दोन मिळून ३४०. त्यांनी दोन्ही आकडे एकाखाली एक मांडले आणि बराच वेळ बघत राहिले.

'म्हणजे दोघांचं काम एकावर टाकलं आणि त्याला खायलाही वाढवून दिलं,' ते म्हणाले. 'आमच्या खात्यात दोघांचं काम एकावर टाकायचे, पण पुढचं विसरायचे.'